नवशिक्याचें धातुशोधन

पस्तीस वर्षें मुलांना विभक्ति आणि समास शिकवून आम्ही निवृत्त झालों, तेव्हां आतां आपल्या हातून नव्या चुका व्हावयाच्या नाहींत अशी आमची समजूत झाली होती. मास्तराचा जन्म दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविण्यांत जातो. स्वतः चुकावयाचें शिक्षण त्याला उतारवयांत घ्यावें लागतें. आमचें तें शिक्षण विलायतेंत, एका बटाट्याच्या वाफ्यांत, गुडघे टेकून झालें. हकीकत थोडी लाजिरवाणी आहे. परंतु तींत इतरांच्या उपयोगाचेंहि कांहीं आहे, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे धाकटे चिरंजीव इंग्लंडांत सफोक परगण्यांत नोकरीस असतात. २०२३ सालीं गणेशचतुर्थीच्या आधीं चार दिवस आम्ही उभयतां त्यांच्याकडे दोन महिने राहावयास गेलों. घरामागें लहानसें परसूं आहे; त्यांत सूनबाईंनीं बटाटे लाविले होते. आम्ही पोंचल्याच्या तिसऱ्याच दिवशीं बटाटे खणून काढतां काढतां त्यांच्या बोटांतली अंगठी नाहींशी झाली. ही अंगठी आमच्या मातोश्रींची. साधें वळें, नक्षी झिजलेली, वजन फार तर दोन मासे. पण आम्हांला कळूं लागल्यापासून ती आम्हीं आईच्या बोटांत पाहिलेली. आईच्या पश्चात् ती धाकट्या सुनेकडे आली होती.

त्या रात्रीं जेवतांना आमच्या तोंडून एक वाक्य गेलें. "आईनें ती बावन्न वर्षें सांभाळली हो!" आवाज चढविला नव्हता; पण शब्दाला धार येण्यास मोठा आवाज लागतोच असें नाहीं. सूनबाई ताट तसेंच ठेवून आंत गेल्या. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे नुसतें पाहिलें. चिरंजीव पाणी पिऊं लागले. पुढचे पांच दिवस घरांत कोणी कोणाशीं भांडलें नाहीं, आणि धड बोललेंहि नाहीं.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. जन्मभर त्यांनीं सुतारकी केली. आतां धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून हिंडण्याचा त्यांना छंद आहे. अंगठीची वार्ता कळतांच ते यंत्र घेऊन दारांत उभे राहिले. त्यांना दुसऱ्या दिवशीं लेकीकडे जावयाचें होतें, म्हणून यंत्र त्यांनीं आमच्या स्वाधीन केलें आणि तें कसें चालतें हें घाईनें समजावून सांगितलें. एक दांडा, त्याच्या खालच्या टोंकाला ताटलीएवढी चकती, वर मुठीपाशीं लहानशी पेटी. चकतींत तारेचें वेटोळें असतें आणि त्यांतून सेकंदाला कांहीं हजार वेळां दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळवितात. त्यायोगें बदलतें चुंबकक्षेत्र जमिनींत शिरतें. वाटेंत धातूचा तुकडा असला कीं त्यांत भोंवऱ्यासारखे लहान प्रवाह उत्पन्न होतात, त्यांचें स्वतःचें क्षेत्र तयार होतें, आणि तें दुसरें वेटोळें टिपून घेतें. कानांत वाजतो तो ह्या उत्तराचा आवाज. म्हणजे यंत्र जमिनींतलें पाहत नाहीं. तें हांक मारतें आणि ओ ऐकतें. ही एक गोष्ट आम्हीं मनांत धरिली असती, तर पुढचे तीन दिवस वांचले असते.

जातां जातां म्हाताऱ्यानें धीर देण्यासाठीं त्याच परगण्यांतली एक गोष्ट सांगितली. हॉक्सन नांवाच्या गांवीं १९९२ सालच्या नोव्हेंबरांत एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. एरिक लॉज नांवाचा त्याचा एक स्नेही होता, धंद्यानें माळी, निवृत्त झालेला. त्याला शेतकऱ्यानें यंत्रानें हातोडा शोधावयास बोलाविलें. हातोड्याऐवजीं त्याला रोमन काळांतला ठेवा लागला: सुमारें पंधरा हजार नाणीं आणि सोन्यारुप्याच्या दोनशेंच्या आसपास वस्तु. त्यांत रुप्याचीं चार मिरपात्रें होतीं. आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून रोमन लोक मिरीं नेत, तीं त्यांच्या ताटावर शिंपडण्याचीं हीं भांडीं! "तुम्हांला तर नुसती अंगठी हवी आहे," असें म्हणून म्हातारा निघून गेला. त्या गोष्टीचा खरा अर्थ आम्हांला पुढें कळला. त्या वेळीं आम्हीं तींतून फक्त उत्साह घेतला.

नवशिक्याची पहिली चूक चालीची. घराचें अंगण झाडावें तसे आम्ही यंत्र फिरवीत सुटलों. तासाभरांत सगळें परसूं पालथें घातल्याचें समाधान झालें. पण घाईनें फिरविलेल्या चकतीला मधला ओ ऐकावयास सवडच मिळत नाहीं. आणि दर फेरीच्या दोन्ही टोंकांस हात आपोआप वर उचलला जातो, घड्याळाच्या लंबकासारखा. साधें नाणें असलें तर यंत्राची पोंच साधारण वीतभर खोल. त्यांतलीं चार बोटें आपणच हवेंत घालविलीं, तर मातीच्या वांट्याला काय उरणार? चकती जमिनीशीं समांतर, अंगुळभर उंचीवर, सावकाश न्यावी, आणि प्रत्येक फेरी आधींच्या फेरीवर निम्मी चढलेली असावी. शेत सारवतांना कोणी पाहिलें नसेल, पण घर सारवतांना सर्वांनीं पाहिलें आहे. हाताचा पट्टा पट्ट्यावर चढला नाहीं तर मध्यें कोरडी रेघ राहते. ही समज आमच्या आईला होती; तिच्या अंगठीच्या शोधांत तिच्या चिरंजीवांना नव्हती.

दुसरी चूक लोभाची. यंत्राची संवेदनशीलता कमीजास्त करावयाची सोय असते. जास्त म्हणजे चांगलें, असा हिशेब करून आम्हीं ती शेवटापर्यंत चढविली. त्याबरोबर यंत्र अखंड बडबडूं लागलें. घराच्या विजेच्या तारा, लोखंडी कुंपण, मातींतले क्षार, सर्वांचे ओ त्याला ऐकूं येऊं लागले, आणि त्या कोलाहलांत कोणता आवाज कामाचा हें कळेना. वर्गांत सगळीं मुलें एकदम उत्तर देऊं लागलीं कीं जें होतें तेंच हें. जागेची माती पाहून यंत्र तिच्याशीं जुळवून घ्यावयाचें असतें आणि आवाज शांत होईपर्यंत संवेदनशीलता उतरवावयाची असते. थोडें कमी ऐकणारें यंत्र अधिक खरें सांगतें.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि ती आमच्या विद्वत्तेची. दुसऱ्या दिवशीं यंत्र शांत केलें, तेव्हां जागोजाग स्पष्ट आवाज येऊं लागले. खणावें तों निघे काय? खिळा, बाटलीचें झांकण, चॉकलेटाचें चकचकीत वेष्टन, आणि पेयाचे डबे उघडावयाची ती ऍल्युमिनियमची कडी. अशा पंधरा-वीस कड्या निघाल्यावर आम्ही कंटाळलों. यंत्रावर एक खटका असतो. ठराविक जातीच्या धातूंना उत्तर द्यावयाचें नाहीं असें त्यानें ठरवून देतां येतें. आम्हीं मनांत त्याचें नांव ‘विवेक’ ठेविलें आणि आधीं लोखंड, मग वेष्टनें, मग कड्या, असें एकेकाला वगळीत गेलों. यंत्र अगदीं निवांत झालें. तिसऱ्या दिवशीं आम्हीं सगळें परसूं दोनदां तपासलें. एकहि आवाज आला नाहीं. संध्याकाळीं आम्हीं निकाल दिला कीं अंगठी परसांत नाहींच. ती दुसरीकडे कोठें तरी पडली आणि कोठें पडली हें सांगण्याइतकें कोणाचें लक्ष नव्हतें. हा निकाल आम्हीं सूनबाईंना ऐकूं जाईल अशा बेतानें दिला, हेंहि येथें लिहिलें पाहिजे.

त्याच संध्याकाळीं म्हातारा परत आला. त्यानें आमचें म्हणणें ऐकून घेतलें, आपल्या बोटांतली लग्नाची अंगठी काढली, गवतावर ठेविली आणि तिच्यावरून यंत्र फिरवावयास सांगितलें. आम्हीं फिरविलें. डोळ्यांपुढें सोन्याची अंगठी, आणि यंत्र मुकें! मग त्यानें आमचा ‘विवेक’ उतरविला आणि अंगठीशेजारीं एक कडी ठेविली. दोहोंचा आवाज आमच्या कानाला सारखाच लागला. पातळ सोन्याची लहान अंगठी आणि ती क्षुद्र कडी यंत्राच्या दृष्टीनें जवळजवळ एका जातीच्या आहेत. एकीला गप्प केलें कीं दुसरीहि गप्प. तर्कशास्त्रांत लक्षणाचे दोष मुलांना शिकवितांना अतिव्याप्ति म्हणजे काय हें आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल! जें लक्ष्य नव्हे तेंहि लक्षणांत यावें, ही अतिव्याप्ति. कचऱ्याचें लक्षण आम्हीं असें बांधलें होतें कीं त्यांत आईची अंगठी बसून गेली होती. कचरा टाळून सोनें मिळेल ही नवशिक्याची मुख्य भ्रांति. सोनें हवें त्यानें कड्या खणल्या पाहिजेत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नातवानें सुतळी धरून परसाच्या दोन-दोन हात रुंदीच्या पट्ट्या पाडल्या आणि आम्हीं पहिल्यापासून आरंभ केला. आवाज आला कीं आडवें एकदां, उभें एकदां यंत्र न्यावयाचें. दोन रेघा छेदतील तेथेंच खणावयाचें. आधीं आम्हीं आवाजाच्या अदमासानें घमेल्याएवढे खड्डे केले होते, आणि वस्तु दिसली नाहीं कीं खड्डाच खोल करीत गेलों होतों. म्हातारा म्हणाला, खड्ड्यावरून पुन्हां एकदां यंत्र फिरवा. आवाज थांबला असेल तर वस्तु खड्ड्यांत नाहीं, तुम्हीं बाहेर काढलेल्या मातींत आहे. तें अक्षरशः खरें ठरलें. त्या दिवशीं सत्तावीस कड्या निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं, पहिल्या दिवशीं आम्हींच खणून बाजूला टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांत, अठ्ठाविसावी कडी म्हणून जें उचललें तें कडी नव्हतें.

अंगठी आम्हीं सूनबाईंच्या हातावर ठेविली. त्यांनीं ती पदराला पुसली नाहीं, बोटांत घातली नाहीं. तशीच मातीची परत आमच्यापुढें धरली. म्हणाल्या, "बाबा, ही आतां तुमच्याजवळच असूं द्या." तेव्हां सौभाग्यवतींनीं इतक्या दिवसांचें मौन सोडलें. ती अंगठी सुनेच्या बोटांत पहिल्यापासून सैल होती. सहा महिन्यांपूर्वीं तिनें ती पेटींत ठेवण्याची गोष्ट फोनवर काढली, त्या वेळीं "दागिना पेटींत ठेवावयाचा नसतो, आईची अंगठी बोटांत दिसली पाहिजे," असें ठणकावून सांगणारे आम्हीच. आम्हांला आठवेना, पण वाक्य आमच्याच धाटणीचें होतें. "चूक माझी झाली, बाळ," असें आम्ही म्हटलें. पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत हें वाक्य उच्चारण्याचा सराव नव्हता, त्यामुळें तें नीट वठलें कीं नाहीं कोण जाणे. सूनबाई थोड्या वेळानें दोरा घेऊन आल्या, त्यांनीं तो अंगठीच्या आंतल्या बाजूनें गुंडाळला आणि ती बोटांत घातली. त्या रात्रीं जेवणाच्या पानावर सर्वजण बोलत होते.

मग उरलेल्या दिवसांत आम्ही म्हाताऱ्याबरोबर शेतांतहि गेलों. तेथें ज्या चुका कळल्या त्या यंत्राच्या नव्हत, रीतीच्या. पीक निघालेल्या शेतांत पाय ठेवण्यापूर्वीं मालकाची परवानगी, तीहि शक्य तर लेखी. वस्तु निघाली तर तिचें काय करावयाचें हेंहि आधींच ठरलेलें. गवत कापावयाचें तें एका बाजूनें जोडलेलें ठेवून, झांकणासारखें उचलून. काम होतांच माती भरून तें पुन्हां दाबून बसवावयाचें. निघालेल्या कड्या आणि खिळे खिशांत घालून घरीं न्यावयाचे, परत मातींत टाकावयाचे नाहींत. संरक्षित प्राचीन स्थळीं परवानगीवांचून यंत्र नेणें तेथें गुन्हाच आहे. सफोकांत दुसऱ्या महायुद्धांतले अनेक विमानतळ होते. जुन्या दारूगोळ्यासारखें कांहीं दिसलें तर हात न लावतां दूर होऊन पोलिसांस कळवावयाचें.

एकदां आम्हांला हिरवट काळें झालेलें, नखाएवढें नाणें सांपडलें. आम्हीं तें अंगठ्यानें चोळूं लागतांच म्हाताऱ्यानें आमचें मनगट धरलें. त्या क्षणीं आम्हांला पंचावन्न वर्षांपूर्वींचें आमचें गांव आठवलें. विहिरीचा गाळ काढतांना आम्हां मुलांना एक तांब्याचें नाणें सांपडलें होतें. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’, अशीं अक्षरें वडिलांनीं लावून दाखविलीं. तांब्याचीं भांडीं घांसावयाची घरांत एकच रीत. आम्हीं चिंच आणि राख घेऊन दोन दिवस तें घांसलें. नाणें सोन्यासारखें झळकूं लागलें आणि अक्षरें गेलीं. शिवराई १६७४ च्या राज्याभिषेकापासून पुढें पुष्कळ वर्षें, निरनिराळ्या ठिकाणीं पाडली गेली. आमची कोणत्या काळांतली हें अक्षरांच्या वळणावरून कांहीं अंशीं तरी ठरलें असतें. आतां तो नुसता तांब्याचा तुकडा आहे. आम्हीं तो अजून ठेविला आहे. नाण्यावरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे; त्याखालींच अक्षर टिकलेलें असतें. माती सैल असेल तितकी हलकेच झटकावी, आणि पुढचें काम जाणत्याकडे सोंपवावें.

आमचें तें नखाएवढें नाणें म्हाताऱ्यानें कागदांत ठेविलें, शेतांतली जागा नकाशावर टिपली आणि परगण्यांतल्या नोंदणी-अधिकाऱ्याकडे दाखवावयास नेलें. इंग्लंडांत १९९७ पासून अशी नोंद करण्याची योजना आहे. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तींत झाली आहे. १९९६ च्या कायद्यानें जें ‘निधि’ ठरण्याजोगें असेल तें चौदा दिवसांत सरकारी अधिकाऱ्यास कळवावें लागतें. ह्याच ठिकाणीं हॉक्सनच्या गोष्टीचा अर्थ आमच्या ध्यानांत आला. लॉजनें कांहीं वस्तु वर काढल्यावर ठेवा मोठा आहे हें ओळखलें आणि हात आंवरला. शेतमालकाला सांगितलें, अधिकाऱ्यांना कळविलें. दुसऱ्याच दिवशीं पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनीं तो रीतसर काढला. त्यामुळें ओकाची पेटी कुजून गेली असतांहि कोणती वस्तु कोणत्या बाजूस, कशांत गुंडाळून ठेविली होती हें समजलें. त्याला आणि शेतकऱ्याला मिळून साडेसतरा लाख पौंडांचें बक्षीस मिळालें. हातोडाहि सांपडला; तो आज ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियमांत आहे. उलट हेरफर्डशायरांत २०१५ सालीं दोघांनीं नवव्या शतकांतला ठेवा गुपचूप काढून विकावयास आरंभ केला. नाणीं सुमारें तीनशें असावींत असा अंदाज. हातीं लागलीं जेमतेम एकतीस. २०१९ सालीं त्या दोघांस तुरुंगवास झाला, पण पांगलेल्या नाण्यांबरोबर त्यांचा इतिहासहि पांगला.

इकडील तरुण वाचकांस हा छंद करावासा वाटेल, म्हणून दोन शब्द. आपला १८७८ चा कायदा सांगतो कीं जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची मौल्यवान चीज सांपडली तर जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे. १९५८ च्या कायद्याप्रमाणें रायगडासारख्या संरक्षित स्थळीं परवान्यावांचून खणतां येत नाहीं. म्हणून यंत्र घेऊन गडावर जाण्याचा विचार कोणीं करूं नये. गडावर गेलांत तर डोळे उघडे ठेवून या. नाणें दिसलें तर न उचलतां जागा टिपून अधिकाऱ्यांस कळवा. घरचें कांहीं हरवलें असेल तर मात्र परसांत खुशाल शोधा, सावकाश शोधा, आणि शोध पुरा होण्याआधीं निकाल देऊं नका.

परत येतांना म्हाताऱ्यानें त्या सत्ताविसांतली एक कडी आम्हांला आठवण म्हणून दिली. ती आमच्या मेजावर, झिजलेल्या शिवराईशेजारीं ठेविली आहे. घरांत कोणाची चूक सांगावयाची असली तर आधीं दृष्टि तिकडे जाते.